पिवळ्या भिंतीजवळची जागा

४ ऑक्टोबर

पोचले एकदाची! बसमधून उतरले तेव्हा अंग नुसतं आंबून गेलं होतं, पण फाटकापाशी नवरा हात हलवत उभा दिसला आणि शीण कुठल्या कुठे पळाला. लग्नाला महिना होत आला आणि एका छपराखाली आम्ही आज पहिल्यांदा राहणार. माझी जुनी प्रयोगशाळा मला सोडायलाच तयार नव्हती. अडतिसाव्या वर्षी लग्न करणाऱ्या बाईला कसली घाई, असं त्यांना वाटलं असावं. असते हो घाई, उलट जास्तच असते.

घर उतारावर आहे. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर आमची एक खोली. तिला पूर्वेकडे मोठी खिडकी आहे, तिच्यातून खाणीचं तोंड आणि पाण्याच्या चार गोल टाक्या दिसतात. जिना इतका अरुंद की माझी बॅग वर नेताना नवरा मध्येच अडकला. पुढे जाईना की मागे येईना. सासूबाई खालून म्हणाल्या, की बरं झालं, एका जागी सापडला तरी. त्यांना कमी ऐकू येतं, पण जे ऐकायला नको ते नेमकं ऐकू येतं, अशी ताकीद मला आधीच मिळाली होती. मला त्या फार आवडल्या. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि मला ‘धाकटी’ म्हणाल्या.

धाकटी म्हटलं की थोरली आलीच. नवऱ्याची पहिली बायको जाऊन दोन वर्षं झाली. बैठकीत तिचा फोटो आहे. शांत, हुशार चेहरा. मी मुद्दाम जवळ जाऊन पाहिला आणि मला काहीही वाटलं नाही. गेलेल्या माणसाशी कसला हेवा करायचा?

५ ऑक्टोबर

कामावर रुजू झाले. खाणीतून युरेनियम काढणं कधीच थांबलंय, पण बंद खाण म्हणजे अंथरुणाला खिळलेलं माणूस, कमाई शून्य आणि सेवा चोवीस तास. आतलं पाणी उपसत राहावं लागतं, नाहीतर ते वर येऊन नदीत जाईल. पंप आणि बोगदे नवऱ्याच्या ताब्यात. वर आलेलं पाणी चार टाक्यांत घेऊन, चुना घालून, त्यातलं विष खाली बसवायचं हे आता माझ्या ताब्यात. म्हणजे नवरा घाण वर पाठवणार आणि मी निस्तरणार. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, की जगात सगळीकडे असंच आहे, तुला निदान पगार मिळतोय.

आत जाणाऱ्या प्रत्येकाला दिवाघरातून टोपी आणि दिवा घ्यावा लागतो. तिथे एक मावशी बसतात. छातीला लावायचा एक बिल्लाही त्या देतात. अंगावर किती किरणं पडली ते त्यावरून कळतं. मावशींनी माझा बिल्ला स्वतः लावून दिला आणि बजावलं, की हा काढून फिरायचं नाही. मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. नवी नवरी बघत असतील.

९ ऑक्टोबर

आज नवऱ्यानं मला ‘भिंत’ दाखवली. ऐकून होते, पण पाहणं वेगळं.

पहिला बोगदा सरळ डोंगरात शिरतो, खाली उतरावं लागत नाही. एक वळण घेतलं की हवा दमट होते, आणि तिथे डाव्या हाताला सगळी भिंत पिवळी. लिंबू फिकं पडेल असा पिवळा. जवळून पाहिलं तर नुसत्या सुया, केसापेक्षा बारीक, झुबक्याझुबक्यांनी दगडातून बाहेर आलेल्या. नवऱ्यानं दिवे मालवून अतिनील टॉर्च लावला आणि ती भिंत हिरवट उजेडानं आतून पेटल्यासारखी झाली. मी चक्क ‘अगंबाई’ म्हणाले.

हे युरेनियमचं सल्फेट. आजवर दुसरीकडे कुठेच सापडलेलं नाही, साऱ्या जगात हीच एक भिंत. डोंगर जन्मला तेव्हा हे खनिज त्यात नव्हतं, असं तो सांगत होता. माणसानं बोगदा खणला, आत हवा शिरली. ज्याला लोक खोटं सोनं म्हणतात ते गंधकाचं खनिज सडून आम्ल झालं, आम्लानं युरेनियम विरघळवलं, ती ओल भिंतीवर येऊन सुकली आणि हे उमललं. नखानं खरवडता येईल इतकं मऊ. कोरड्या हवेत नेलं तर त्याच्या आतलं पाणी उडून भुकटी होते. आणि वरून पाणी पडलं तर साखरेसारखं विरघळून जातं. तो हे सांगत होता तेव्हा त्याचा चेहरा मी पाहत होते. मला मागणी घालतानासुद्धा तो इतका फुलला नव्हता.

आणि हे खनिज शोधलं थोरलीनं. ती खनिजांचीच अभ्यासक होती. तिचंच नाव त्याला देणार आहेत, मंजुरी आलीय. आता जगातल्या सगळ्या संग्रहालयांत, सगळ्या पुस्तकांत तिचं नाव. माझं नाव अजून विजेच्या बिलावरसुद्धा नाही.

मी म्हटलं, की वा, छान. खरंच छान आहे.

१५ ऑक्टोबर

छान कसलं? माझ्या पोटात दुखतंय आणि ते मला कळतंय.

आज एक पाहुणे प्राध्यापक भिंत बघायला आले होते. जेवताना थोरलीच्या नजरेचं, चिकाटीचं कौतुक चाललं होतं. मी वाढत होते. त्यांनी मला विचारलं, की तुम्हीही याच विषयातल्या का? मी म्हटलं, मी गाळातली. सगळे हसले. नवरा हसला नाही, कारण त्यानं ऐकलंच नव्हतं. तो खिडकीतून बोगद्याकडे बघत होता.

तो रोज दुपारी तिथे जातो. पंप बघायला म्हणतो, पण पंप दुसऱ्या बोगद्यात आहेत.

जिवंत सवत परवडली. तिचे केस पांढरे होतात, ती चिडते, तिची भाजी करपते. मेलेलीचं काहीच करपत नाही.

२० ऑक्टोबर

वरच्या खोलीतल्या कपाटात, त्याच्या स्वेटरांमागे एक काचेची बरणी सापडली. आत ओला कापूस आणि त्यावर पिवळ्या सुयांचा एक झुबका. म्हणजे मी आल्यापासून आम्ही तिघं झोपत होतो!

मी चिडले, पण कारण दिलं किरणांचं. असली वस्तू निजायच्या खोलीत ठेवतात का, आईंचं वय काय, तुला काही वाटतं का. त्यानं एका शब्दानं वाद घातला नाही. बरणी उचलली, शर्टाच्या आत छातीशी धरली आणि परत बोगद्यात ठेवून आला. एवढं जपून त्यानं माझी बॅगसुद्धा जिन्यावरून नेली नव्हती.

२३ ऑक्टोबर

आज दिवाघरात सहज म्हणून मावशींना विचारलं, की साहेब रोज किती वेळ आत असतात. त्या टोप्या पुसत होत्या. म्हणाल्या, वेळेचं मला विचारू नका, पण दिवे दोन नेतात.

दोन कशाला? तर म्हणे एक जास्तीचा. खाणीत जास्तीचा दिवा न्यावाच. मी म्हटलं बरोबर आहे. मग मावशी हळूच म्हणाल्या, की जास्तीचा दिवा वापरला नाही तर भरलेला परत यायला हवा ना. दोन्ही रिकामे येतात.

आणि स्वतःचा बिल्ला तो जाताना खुंटीवर काढून ठेवतो.

२६ ऑक्टोबर

आज मी त्याच्या मागोमाग गेले. वळणाच्या अलीकडे दिवा मालवून उभी राहिले.

तो बोलत होता. घरी हा माणूस ‘हं’, ‘बरं’, ‘मीठ दे’ यापलीकडे जात नाही. इथे त्याची टकळी चालू होती! लहानपणी विहिरीत पोहायला शिकताना वडिलांनी पाठीला दोर बांधला होता, तो दोर सुटला, आणि बुडताना त्याला भीती वाटायच्या ऐवजी गंमत वाटली, असं काहीतरी सांगत होता. मध्ये थांबायचा. समोरच्यानं प्रश्न विचारल्यावर थांबतात तसा. मग हसून उत्तर द्यायचा.

विहिरीची गोष्ट मला त्यानं कधीच सांगितलेली नाही.

दुसरा आवाज मला ऐकू आला नाही. पण मी परत फिरले ती भीतीनं नव्हे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

३० ऑक्टोबर

तो शहरात गेला होता. मी नमुन्याची बाटली घेऊन, कामाचं निमित्त करून भिंतीपाशी गेले.

भिंतीच्या पायथ्याला दगडाचा एक लांबट कट्टा आहे. तो तिथे बसतो, भिंतीला टेकून. मी नुसता श्वास जवळून घेतला तर सुया मोडतील म्हणून मला मागे ओढणारा माणूस! त्याच्या पाठीनं भिंतीवर जागा केलीय. खांदे, मान, डोक्याचा मागचा भाग, तेवढ्यापुरता काळा दगड उघडा आणि भोवती पिवळं दाट. त्याची आकृती मी डोळे मिटून ओळखेन.

तिच्या शेजारी दुसरी आहे.

लहान. अरुंद खांदे, बारीक मान. त्याच्या उजव्या खांद्याला तिचा डावा खांदा लागलेला. मध्ये सुईसुद्धा नाही.

कुणीतरी बाई रोज त्याच्या शेजारी बसते. दुसरा दिवा तिचा. मी एवढी शिकलेली आणि इतके दिवस एका मेलेल्या बाईवर जळत बसले. खुळीच मी!

२ नोव्हेंबर

त्याचा आजचा शर्ट मी धुवायला टाकला नाही. न्हाणीघरात नेला, दार लावून घेतलं, खिडकीला टॉवेल लावला आणि अतिनील टॉर्च मारला.

पाठ हिरवी चमकली. ते होणारच, भिंतीला टेकतो तो. पण उजव्या खांद्यावरून मानेमागे एक पट्टा गेला होता. हाताचा. मनगट, तळवा, आणि डाव्या खांद्यावर चार बोटं टेकलेली. प्रत्येक बोट सुटं, स्पष्ट. लहान हात.

इतर बायकांना कॉलरवर लिपस्टिक सापडते. किती बरं असतं त्यांचं.

३ नोव्हेंबर

विचारलं. सरळच विचारलं, की कोण आहे ती?

तो म्हणाला, की कुणी नाही, मीच असतो. आवाज चढला नाही, नजर चुकवली नाही. खोटं बोलणारा माणूस असा दिसत नाही. मी शर्ट त्याच्यासमोर धरला, टॉर्च मारला, हात दाखवला. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, अगदी खांद्यावर ठेवलाय का? त्याला वाटायचं, पण खात्री नव्हती.

मग त्यानं तो शर्ट माझ्या हातातून घेतला आणि न धुता कपाटात टांगून ठेवला.

माझ्या शेजारी तो लगेच झोपी गेला. मी जागीच.

६ नोव्हेंबर

केलं. केलं एकदाचं!

तो पुन्हा शहरात, बैठकीला. दुपारी पंपाच्या लाइनीवरचा मोठा पाइप ओढत नेला, हाताला फोड आले. वळणापाशी पोचून तोटी उघडली. भिंत अशी विरघळली की बघत राहावं. वरून खाली पिवळे ओघळ, मग सगळं एकच पिवळं पाणी माझ्या बुटांवरून नाल्यात, नाल्यातून बाहेर. दोन्ही आकृत्या गेल्या. खाली राहिला साधा ओला काळा दगड, कुठल्याही बोगद्यात असतो तसा.

बाहेर येऊन मी माझी टाकी गाठली. पिवळं पाणी आलंच होतं. चुना दुप्पट सोडला आणि सगळं गढूळ होऊन तळाला बसेपर्यंत कठड्यावर उभी राहिले. थोरलीचं नाव, शेजारणीचे खांदे, सगळं माझ्या गाळात.

किती दिवसांनी भूक लागली. सासूबाई म्हणाल्या, की आज तुझ्या तोंडावर रंग आलाय.

७ नोव्हेंबर

तो दुपारी आत गेला. मी घरी बसून त्याच्या ओरडण्याची वाट पाहिली. काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं.

गुणगुणत आला. हात धुतले, चहा मागितला. म्हणाला, की भिंत आज कधी नव्हे इतकी सुंदर दिसतेय.

८ नोव्हेंबर

जाऊन पाहिलं.

आहे. सगळी आहे. पूर्वीपेक्षा दाट, सुया बोटभर लांब. असं होत नाही. एवढं उगवायला वर्षं लागतात, मला रसायनशास्त्र येतं. मी दगडाला हात लावून पाहिला, नीट पाहिलं, वेड्यासारखं पुन्हा पुन्हा पाहिलं.

दोन्ही आकृत्याही आहेत. फक्त आता ती लहान आकृती सरळ बसलेली नाही. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर कललंय.

मला चिडवायला.

१० नोव्हेंबर

मावशींना गाठलं. दार लावून घेतलं आणि म्हटलं, खरं सांगा, आत दुसरं कोण जातं?

कुणीच नाही, म्हणाल्या. माझ्या हातून दिवा घेतल्याशिवाय आत मुंगी जात नाही. मग त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. म्हणाल्या, की थोरल्या बाईंनीही मला असंच कोंडून हेच विचारलं होतं.

मी विचारलं, थोरलीनं? कधी?

तर थोरली जिवंत असतानाच साहेब दोन दिवे नेत होते. तिनं खनिज शोधायच्याही आधीपासून. ती भिंतीपाशी पहिल्यांदा गेली तीच त्यांच्या मागावर. खनिज तिला तिथे दिसलं. पुढे तीही तिथे जाऊन बसायला लागली. एके दुपारी माणसांनी तिला उचलून आणलं तेव्हा पाठ, केस सगळं पिवळं झालं होतं. उठायला तयार नव्हती, हात झटकत होती. नंतर मूत्रपिंडं गेली, आणि मग तीच गेली.

मावशी म्हणाल्या, बाई, तुम्ही तरी माहेरी जा.

११ नोव्हेंबर

सासूबाईंच्या कानाशी जाऊन एकच विचारलं, की थोरली उंचीनं केवढी होती?

चांगली उंच, म्हणाल्या. तुझ्यापेक्षाही. स्वयंपाकघराच्या चौकटीला डोकं आपटून घ्यायची बिचारी.

म्हणजे ती लहान आकृती थोरलीची नाही. कधीच नव्हती. थोरली आणि मी एकमेकींच्या सवती नव्हतोच, आम्ही दोघी तिसरीच्या सवती. बैठकीत जाऊन तिच्या फोटोसमोर बसले. पहिल्यांदाच तिच्याबद्दल माया वाटली. या घरात मला समजून घेणारं एकच माणूस होतं आणि ते भिंतीवर टांगलेलं.

सासूबाई रडायला लागल्या. म्हणाल्या, की त्या भोकात जाऊ नकोस. थोरलीलाही सांगून थकले. तो मुलगा माझ्या पोटचा, पण आता तो कुणाचा झालाय ते मला ठाऊक नाही.

१३ नोव्हेंबर

बॅग भरली. भावाकडे जायचं ठरवलं. नवऱ्याला सांगितलं, काही दिवस जाऊन येते.

मला वाटलं, थांब म्हणेल. निदान ‘का’ विचारेल. म्हणाला, जा की, इथलं काही अडत नाही. आणि त्याच्या चेहऱ्यावर, देवाशपथ, सुटल्यासारखं काहीतरी होतं.

इथलं काही अडत नाही!

म्हणजे मी गेले की मैदान मोकळं. वरच्या खोलीत पुन्हा ती बरणी. माझ्या उशीवर.

बॅग रिकामी केली. मी कुठेही जाणार नाही.

१५ नोव्हेंबर

तो यायच्या आधी जाऊन तिच्या जागी बसले.

बसत नाही मी त्यात. माझे खांदे बाहेर राहतात, मान उंच होते. कण्हत, अंग चोरून, कुबड काढून बसले. दगड गार असायला हवा. ऊन होता. नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखा.

तो आला. दोन दिवे. मला पाहून थबकला, मग शेजारी बसला आणि दुसरा दिवा माझ्यासमोर ठेवला.

आणि बोलला! वडिलांबद्दल, विहिरीबद्दल, शाळेत चोरलेल्या पेनाबद्दल. माझ्याशी. मी प्रश्न विचारले, त्यानं उत्तरं दिली. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं, त्यानं ठेवू दिलं.

घरी आल्यावर पुन्हा ‘हं’. ‘बरं’. ‘मीठ दे’.

१८ नोव्हेंबर

रोज जाते. बिल्ला खुंटीवर ठेवते. मावशींनी हात धरला, मी सोडवून घेतला.

आता जागा नीट बसते. मी आखडले की ती रुंद झाली, कोण जाणे. आरशात खांदे पाहायचं टाळते.

घोटे सुजलेत. बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो. हे काय आहे ते मला कळतं. थोरलीलाही कळत असणार, ती तर माझ्यापेक्षा शिकलेली.

पण मी इथे बसलेय तोवर दुसरी कुणी बसत नाहीये.

२१ नोव्हेंबर

सासूबाईंनी आज बाहेरून कडी लावली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून उतरले. मागून हाका मारत होत्या — धाकटे, अगं धाकटे — वाईट वाटलं. थांबले नाही. उशीर झाला असता. ती आधी जाऊन बसली असती.

त्याचा शर्ट परत तपासला. खांद्यावर हात आहे. माझा असेल.

माझ्या बोटांपेक्षा लहान आहे. तरी माझाच असेल.

२३ नोव्हेंबर

वही आतच ठेवते आता. शिसपेन पण.

घरी जायचं — नको वाटतं. तो जातो. जाताना मला ‘चल’ म्हणत नाही. मी उठले तर जागा मोकळी होईल, हे त्यालाही माहीत.

पाठीत बारीक टोचतं. दुखत नाही. केस भिंतीला धरलेत. मान वळवली की तुटल्याचा आवाज — बारीक, काचेसारखा.

भीती वाटते. हो, वाटते. पण तिला ही जागा द्यायची या विचारानं जास्त —

२४ नोव्हेंबर

पाण्याची बाटली जवळ आहे. नमुन्याची, भरलेली. पाठीवर ओतली की सगळं सुटेल. साखरेसारखं. मला रसायनशास्त्र येतं.

ओतेन. उठावंसं वाटलं की ओतेन.

मावशी वळणापर्यंत येऊन गेल्या. उजेड माझ्यावर मारला. पळाल्या. माणसं आणायला गेल्या असतील — थोरलीला उचललं तसं — मी हात झटकीन.

आणि त्यांनी नेलं तर इथे कोण —

अजून २४

पावलं. त्याची आहेत, ओळखते मी. लवकर आलाय आज. माझ्यासाठी.

बोलत येतोय. हसतोय. मी तर इथे बसलेय, मग —

थांबतो. कुणी विचारलं की थांबतो तसा.

दुसरा आवाज. पहिल्यांदा ऐकते. बाईचा. लहान, किनरा. म्हणजे मी जागा धरून बसले, आणि ती सगळा वेळ त्याच्याबरोबर — घरी — माझ्या खोलीत —

वळणावर थांबलेत. उजेड माझ्या पायांपर्यंत.

ती त्याला विचारतेय, ‘माझ्या जागी कोण बसलंय?’ हा सूर — मला माहितीये हा सूर, मी रोज याच सुरात — जळतेय ती. माझ्यावर जळतेय. थोरलीवरही अशीच —

तो म्हणतो, कुणी नाही.

कुणी नाही म्हणतो —

एकटीच येतेय पुढे. बाटली. हात भिंतीपासून सुटत — झाकण घट्ट आहे, झाकण नि